उणे ३० मध्ये उभी गाडी आणि आतला टीव्ही: नवा घेताना काय बघायचं?

(या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे अडखळे आणि मधेच रस्त्यावरनं गेलेल्या उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी काढून टाकलीत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मुरगूडमधनं बोलतोय, आणि आजचा प्रश्न आलाय पार कॅनडातल्या विनिपेगहून. आपल्याच भागातल्या एक ताई तिकडं राहतात. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं जुनं मोटरहोम घेतलंय. मोटरहोम म्हणजे चाकावरचं घर. पुढं ड्रायव्हर, मागं ओटा, पलंग, संडास-बाथरूम, सगळं एकाच गाडीत. गाडी २००८ सालची. आत दोन टीव्ही आहेत, एक ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कपाटात आणि एक पलंगासमोर. दोन्ही बंद पडलेत. जूनमध्ये मुरगूडहून सासू-सासरे येणार, सगळ्यांनी मिळून तीन आठवडे रॉकी पर्वताकडं जायचं ठरलंय, आणि सासूबाईंची अट एकच: संध्याकाळची मालिका चुकता कामा नये.

अडचण अशी की नोव्हेंबर ते एप्रिल ही गाडी अंगणात उघड्यावर उभी असते. विनिपेगला जानेवारीत रात्री उणे २० हे रोजचंच, आणि दरवर्षी काही रात्री उणे ३० च्या खाली जातात. बंद गाडीच्या आतही पहाटेपर्यंत तेवढंच होतं. ताई विचारतात, नवे टीव्ही बसवले तर एका हिवाळ्यात तेही जातील का? आणि दुकानदार म्हणतोय गाडीसाठीचा खास टीव्ही घ्या, तो घरच्या टीव्हीच्या दुप्पट किमतीचा आहे. घ्यायचा का?

आता तुम्ही म्हणाल, मुरगूडात बसून आपल्याला काय करायचंय? इथं पहाटे १०-१२ अंश झाले की आपण शेकोटी पेटवतो. पण यातलं निम्मं तुमच्या खिशातल्या मोबाइललाही लागू आहे, आणि शेवटी पावसाळ्यावर येणारच आहे, त्यामुळं ऐकाच.

ताईंना थोडक्यात उत्तर आधी देऊन टाकतो. बंद पडून असलेल्या टीव्हीचं नुसत्या थंडीनं सहसा फार बिघडत नाही. बिघडतं ते एप्रिलमध्ये, गाडी आतनं गार असतानाच कुणीतरी हौसेनं रिमोट दाबतं तेव्हा. त्यामुळं खास टीव्हीवर दुप्पट पैसे घालायची तुम्हाला गरज दिसत नाही. का, ते आता सांगतो.

आधी बघा, जुने खरंच गेलेत का?

२००८ च्या टीव्हीत चित्राच्या मागचा उजेड एलईडीचा नव्हता. बारीक नळ्या असायच्या, आपल्या ट्यूबलाइटची धाकटी भावंडं. त्यांच्यात पाऱ्याची वाफ असते. गारठ्यात ती वाफच नीट होत नाही, म्हणून अशा टीव्हीवर थंडीत चित्र अंधारं आणि गुलाबीसर दिसायचं. नळ्या जुन्या झाल्या की एक दिवस उजेडच बंद. आवाज येतो, पडदा काळा.

तपासायची सोपी रीत आहे. टीव्ही चालू करा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. काळ्यावर पुसट चित्र हललेलं दिसलं तर पडदा जिवंत आहे, मागचा उजेड गेलाय. दुरुस्त होतो, पण इतक्या जुन्या टीव्हीवर खर्च करण्यात अर्थ नाही. आणि काहीच दिसत नसेल, आवाजही नसेल, तर आधी गाडीचा फ्यूज बघा. मोटरहोममध्ये पुढचा आणि मागचा टीव्ही पुष्कळदा एकाच तारेवर असतात. दोन्ही एकदमच गेले असतील तर माझा पहिला संशय टीव्हीवर नाही, त्या तारेवर जातो. आणि टीव्ही टाकायचाच झाला तर साध्या कचऱ्यात नको, आत पारा आहे, ई-कचऱ्यात द्या.

काकवी आणि खोबरेल

आपण 'एलईडी टीव्ही' म्हणतो, पण एलईडी असतात मागच्या उजेडाला. चित्र घडवणारा पडदा एलसीडीच. त्यातला 'एलसी' म्हणजे द्रव स्फटिक. दोन काचांच्या मधे केसापेक्षाही पातळ थर. वीज दिली की त्याचे रेणू वळतात, आणि वळतील तसा उजेड अडतो किंवा सुटतो. टीव्हीवर पळणारा माणूस म्हणजे या रेणूंची सेकंदाला कित्येक वेळा होणारी उलटसुलट.

गंमत सांगतो. हा पदार्थ पहिल्यांदा लक्षात आला १८८८ मध्ये, आणि तोही गाजरामुळं. फ्रीडरिश रायनित्झर नावाचे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ प्रागमध्ये गाजरातनं काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यापासनं बनवलेला एक पदार्थ १४५.५ अंशांना वितळला, पण गढूळ. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशांना स्वच्छ झाला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! त्या गढूळ अवस्थेवर आज जगातले बहुतेक टीव्ही चालतात. आपलाही यात हात आहे: थाळीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव स्फटिक १९७७ मध्ये शोधले ते बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत, एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

आता थंडीत याचं काय होतं? गुऱ्हाळावरनं काकवी आणलीय, आणि जानेवारीच्या पहाटे बरणी तिरकी केलीत. कशी रुसल्यासारखी हळूहळू येते बघा. दुपारी तीच बरणी उन्हात ठेवा, धार लागते. द्रव स्फटिकाचं तेच. गार झाला की घट्ट होतो, रेणू वळायला वेळ लावतात, चित्रामागं भुतासारखी सावली पळते. आणखी गार केला तर पडदा जवळजवळ गोठूनच बसतो.

पण खोबरेल तेल आठवा. २४ अंशांच्या खाली गेलं की बाटलीत थिजतं. आपण ती उन्हात ठेवतो, पुन्हा पातळ होतं. तेल खराब होतं का? नाही. पडद्याचंही बरंचसं असंच आहे. थंडीत मंदावलेला पडदा ऊब मिळाली की परत ताळ्यावर येतो.

बरंचसं म्हटलं, पूर्ण नाही. कारण कंपन्यांनी मर्यादा लिहिलेली असते, आणि ती कुणी वाचत नाही. टीव्हीच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानांवर दोन ओळी असतात. एक वापराचं तापमान, एक साठवणीचं. एलजीच्या बऱ्याच मॉडेलांवर वापर ० ते ४० अंश आणि साठवण उणे २० ते ६० अंश लिहिलेलं असतं. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांवर वापर १० ते ४०, साठवण उणे २० ते ४५. गाडीच्या 'खास' टीव्हीलाही पडदा याच जातीचा असतो, म्हणून दुकानदाराला एवढंच विचारायचं: यावर साठवणीचं तापमान किती लिहिलंय ते कागदावर दाखव. उणे २० च असेल तर थंडीच्या बाबतीत दुप्पट पैसे कशाचे? उणे ३० किंवा ४० असेल आणि परवडत असेल, तर मग बोलू.

तुमच्या फोनचीही तीच गत आहे. आयफोनला ॲपल वापरासाठी ० ते ३५ आणि बंद ठेवण्यासाठी उणे २० ते ४५ अंश सांगते. लडाखला गेलेल्या पोरांचे फोन ३० टक्के बॅटरी असताना का बंद पडतात, त्याचं अर्धं उत्तर इथं आहे.

मग उणे ३० ला ठेवलेला टीव्ही मेलाच का? नाही. असे ठेवलेले कित्येक टीव्ही वर्षानुवर्षं चालतात. पण तिथं कंपनीची जबाबदारी संपलेली असते आणि तुमची सुरू होते.

थंडी खरी कुठं चावते

पडदा सोडून बाकीचं बघू. टीव्ही काच, पत्रा आणि प्लास्टिक मिळून होतो, आणि तिघं सारखे आकसत नाहीत. ७० सेंटिमीटर रुंदीचा टीव्ही घ्या, म्हणजे ३२ इंची. तापमान २५ वरनं उणे ३५ वर गेलं, म्हणजे ६० अंशांचा फरक. पडद्याची काच जेमतेम ०.१५ मिलिमीटर आकसते. बाहेरची प्लास्टिकची चौकट ३ मिलिमीटरच्या आसपास! तेवढी जागा कंपनीनं आत सोडलेली असते. पण आपण काय करतो, तर टीव्ही हलू नये म्हणून कपाटात कोंबून चारी बाजूंनी पट्ट्या मारतो, स्क्रू पिळून घट्ट करतो. मग तो आकसणार कुठं? चौकटीच्या कडेला मोकळीक ठेवा. आणि कडक थंडीत टीव्ही काढू-घालू नका, गारठलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं.

दुसरी जागा आतल्या पुरवठ्याच्या बोर्डवर. तिथं जे छोटे डबे उभे दिसतात ते कपॅसिटर. त्यांच्या आतही द्रव असतो, आणि तोही काकवीसारखा घट्ट होतो. बहुतेकांची खालची मर्यादा उणे २५ ते उणे ४० च्या दरम्यान. नुसतं पडून राहण्यानं त्यांना त्रास नाही. पण तशा अवस्थेत एकदम वीज सोडली तर सगळा ताण बोर्डावरच्या बाकीच्या भागांवर येतो. गारठलेल्या बैलाला उठवून थेट चढाला जुंपल्यासारखं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची.

उन्हाळ्यात मुरगूडच्या स्टँडवर थंडगार बाटली घेतली की मिनिटभरात बाहेरनं ओली होते. ते पाणी बाटलीतनं येत नाही, हवेतनं येतं. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर ९ अंशांपेक्षा गार असलेल्या कशावरही दव धरणारच. आता विचार करा: टीव्ही उणे १० वर आहे, तुम्ही गाडीत शिरलात, हीटर लावला आणि आनंदानं चहा टाकला. स्वयंपाकाचा १ किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं, आधणाची वाफ वेगळीच. ती सगळी वाफ गाडीतल्या सगळ्यात गार वस्तूंवर जाऊन बसते. काचा पुसता येतात. टीव्हीच्या आतला बोर्ड कोण पुसणार? त्या ओल्या बोर्डावर वीज सोडली की झालं.

त्यामुळं ताई, नियम असा: एप्रिलमध्ये गाडी उघडल्यावर आधी दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या. मग हीटर लावा, आणि तो बाहेर धूर सोडणारा, धुराड्याचा हीटर असू दे. चहा घरात प्या. टीव्हीच्या पाठीला हात लावून गार लागत नाही ना बघा, त्यानंतरही दोन-तीन तास जाऊ द्या. रात्रभर थांबलात तर उत्तम.

मग काढूनच का ठेवू नये?

काढून ठेवावा. विनिपेगसारख्या गावात मी हेच करीन. म्हणून टीव्ही निवडताना पहिलं बघायचं ते पाठीमागचे चार स्क्रू. त्या भोकांमधलं अंतर ठरलेलं असतं, लहान टीव्हीत ७५ किंवा १०० मिलिमीटर, मोठ्यात २००. त्या मापाचं खटक्यानं निघणारं ब्रॅकेट मिळतं: एक पट्टी भिंतीवर कायमची, दुसरी टीव्हीच्या पाठीवर. ब्रॅकेटला प्रवासात घट्ट बसणारा लॉक हवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात टीव्ही डोक्यावर येतो. ऑक्टोबरमध्ये दोन टीव्ही काढले, मूळ खोक्यात घातले, घराच्या तळघरात ठेवले. दहा मिनिटांचं काम. २४ इंची टीव्ही तीन-चार किलोचा असतो, एकटं माणूसही काढू शकतं.

थंडीतच काढायची वेळ आली तर एक युक्ती: बाहेरच मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि तसाच घरात आणा. दव पिशवीवर धरेल, टीव्हीवर नाही. पूर्ण ऊब आल्यावरच पिशवी उघडायची.

आणि गाडीतच ठेवायचा असेल तर तारेतनं पूर्ण सोडवून ठेवा. रिमोटनं बंद केलेला टीव्ही झोपलेला असतो, बंद नसतो. अर्धा वॅट खातोच. अर्धा वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? १२ व्होल्टवर दिवसाला १ अँपिअर-तास. १५० दिवसांचा हिवाळा म्हणजे १५० अँपिअर-तास. १०० ची बॅटरी वसंत यायच्या आत संपली! आणि इथं खरं नुकसान सुरू होतं. भरलेली ॲसिडची बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही. पण रिकामी झाली की आत जवळपास पाणीच उरतं, आणि ती शून्याच्या थोडं खालीच गोठून फुटू शकते. म्हणजे टीव्ही ठणठणीत राहिला आणि त्याच्यामुळं बॅटरी मेली. लिथियमची असेल तर तिला शून्याच्या खाली चार्जिंग अजिबात करायचं नाही, हे वेगळं.

१२ व्होल्ट की घरचा?

दुकानदाराच्या 'खास' टीव्हीची खरी खासियत ही आहे, की तो थेट गाडीच्या १२ व्होल्टवर चालतो. ती थंडीशी संबंधित नाही. मग तुम्हाला ती लागते का, ते रात्री गाडी कुठं लावणार यावर ठरतं.

गाडीतल्या '१२ व्होल्ट'वर विसंबू नका. बॅटरी उतरली की ते ११ च्या खाली जातं, चार्ज होत असताना १४.४ च्या पुढं. खास टीव्ही हा चढउतार सोसतो, तेच त्याचे पैसे. बाजारात काही स्वस्त घरगुती टीव्हीही १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात, आणि लोक अडॅप्टर काढून ते थेट बॅटरीला जोडतात. त्या टीव्हीला बरोबर १२ ची सवय असते. १४.४ गेले की काही दिवस चालतो आणि मग एक दिवस वास येतो. जोडायचाच तर मधे व्होल्टेज स्थिर ठेवणारा डबा हवा. काही टीव्हींना १९ व्होल्ट लागतात, ते पाठीवर लिहिलेलं असतं, वाचा.

आता हिशेब. २४ इंची १२ व्होल्टचा टीव्ही साधारण २५ वॅट घेतो. तीन तास बघितला तर बॅटरीतनं ६ अँपिअर-तासांच्या वर जरासं. ३२ इंची घरगुती टीव्ही ४५ वॅटचा धरा. तो इन्व्हर्टरवर चालवला की इन्व्हर्टर स्वतःचंही खातो, तीन तासांना १३ अँपिअर-तास. रानात, बॅटरीच्या जिवावर रात्री काढणाऱ्याला हा दुपटीचा फरक महत्त्वाचा. पण सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार, म्हणजे ताई, तुम्ही वीज असलेल्या कॅम्पग्राउंडवरच उतरणार. तिथं प्लग लावला की झालं. पुढं साधा घरगुती टीव्ही लावा. पलंगासमोरचा हवा तर लहान १२ व्होल्टचा घ्या, तोही नाही घेतला तरी चालेल. वाचलेले पैसे ब्रॅकेटवर घाला.

माप मात्र टेपनं घ्या, इंचांवर जाऊ नका. २४ इंची टीव्ही साधारण ५५ सेंटिमीटर रुंद आणि ३३ उंच, ३२ इंची ७२ रुंद आणि ४३ उंच. ड्रायव्हरवरचं कपाट जुन्या चौकोनी टीव्हीसाठी बनवलेलं असेल तर उंची मिळेल, रुंदी मिळणार नाही. मागं वारा खेळायला चार बोटं जागा सोडा. तो टीव्ही खालनं, तिरकं बघायचा असतो, म्हणून आयपीएस पडदा बघून घ्या, बाजूनं बघितलं तरी रंग उडत नाहीत. खूप बारीक चित्राच्या मागं लागू नका, सहा फुटांवरनं ३२ इंचात फोर-के कुणाला दिसतंय?

एक गोष्ट दुरुस्तीवाल्यांना विचाराल तर लगेच सांगतील. काही स्वस्त टीव्हींत मागच्या प्रत्येक एलईडीवर प्लास्टिकचं छोटं भिंग चिकटवलेलं असतं. डिंक सुटला की भिंग गळून पडतं आणि पडद्यावर टॉर्च मारल्यासारखा पांढरा ठिपका दिसतो. थंडी-गरमी आणि रस्त्याचे हादरे दोन्ही एकत्र म्हणजे या डिंकाची परीक्षाच. कडेनं उजेड देणाऱ्या टीव्हीत ही भिंगं नसतात. दोन्ही सारख्या किमतीत मिळत असतील तर कडेचा घ्या. ओएलईडीचं काय, म्हणून कुणी विचारेल. त्याचा सगळ्यात लहान घरगुती टीव्ही ४२ इंची येतो. विषय संपला.

काही मोटरहोमना बाहेरच्या बाजूलाही, मांडवाखाली बघायला, एक टीव्ही असतो. तो बसवू नका. उन्हात काही दिसत नाही, धूळ खातो, आणि बाहेर बसल्यावर डोंगर बघायचा असतो.

मालिकेचं काय?

इथनं टीव्ही न्यायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. तिकडची वीज १२० व्होल्टची, आणि अँटेनावरनं येणाऱ्या वाहिन्यांची पद्धतही वेगळी. तिकडचाच घ्या. स्मार्ट टीव्हीला इंटरनेट लागतं आणि डोंगरात नेटवर्क मिळेलच असं नाही. आदल्या मुक्कामावर भाग फोनमध्ये उतरवून घ्या आणि तारेनं टीव्हीला जोडा. मात्र फोनच्या यूएसबी-सीमधनं चित्र बाहेर जातं का हे निघण्याआधी घरी करून बघा. बऱ्याच स्वस्त फोनांत ते जात नाही, काही ॲप उतरवलेला भाग टीव्हीवर दाखवूही देत नाहीत, आणि इथली सगळी ॲप तिकडं चालतही नाहीत. सासूबाई आल्यावर ही प्रयोगशाळा उघडायला नको.

आणि आपल्याकडं

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासनं आपल्याकडंही टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग-ओटा बसवून लडाखला निघायची स्वप्नं बघणारे वाढलेत. मला मेसेज येतात म्हणून सांगतो. लेह ३,५०० मीटरवर आहे. हवा विरळ, त्यामुळं टीव्हीचा अडॅप्टर लवकर तापतो. काही अडॅप्टरवर डोंगराचं चित्र आणि २,००० किंवा ५,००० मीटर असा आकडा असतो, तो ५,००० वाला घ्या. डीडी फ्री डिशची छत्री नेणार असाल तर तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुरगूडात छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि आकाशात चांगलं ६० अंश वर ठेवावं लागतं. लेहला तीच छत्री दक्षिणेकडं बरीच वळवून ४७ अंशांवर खाली आणावी लागते. इथल्या खुणेवर तिथं बसवली तर रात्रभर फिरवत बसाल.

पण आपला खरा हिवाळा म्हणजे पावसाळा. साठवणीच्या त्याच ओळीत आर्द्रताही लिहिलेली असते, पुष्कळदा ८५ टक्क्यांपर्यंत. जुलै-ऑगस्टात मुरगूडात सकाळची हवा कित्येक दिवस त्याच्या वर असते, गगनबावड्याकडं तर विचारूच नका. चार महिने बंद पडलेली गाडी, शेतातलं कुलूपबंद घर, तिथला टीव्ही: पिनांवर हिरवट थर, बोर्डावर बुरशी. विनिपेगला गारठलेला टीव्ही लावायचा नाही. इथं उलट, आठवड्यातनं अर्धा तास तरी लावायचा. आतली ऊबच त्याला सुकवते. प्लास्टिकचं घट्ट कव्हर घालू नका, ओल आत कोंडते. जुनं सुती धोतर किंवा साडी टाका.

आज एवढंच. विनिपेगच्या ताई, फ्यूज बघून झाला की कळवा. बाकीच्यांनी प्रश्न आवाजातच पाठवा, आणि गाडी उभी करून.